टकळी, चरखा आणि बायांची दुपार

आज बचतगटाच्या हिशेबावर बोलणार नाही. म्हणजे थोडं बोलीन, पण शेवटी. आज थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि तो आपल्याच भागातला आहे.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटानं दुपारचं हस्तकलेचं शिबिर सुरू केलं. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या, दारावरची तोरणं, गोधड्या. पंधरा-सोळा बाया मंदिराच्या सभामंडपात बसायच्या. हसणं, गप्पा, मध्येच कोणाचा तरी चहा. आठ-दहा दिवस मजेत गेले आणि मग एकीनं विचारलं, "ताई, हे सारं बरं आहे. पण याचे पैसे किती भेटतीन?" दुसरी लगेच म्हणाली, "अवो माय, सारं पैशासाठीच करा लागते काय?" त्यावर पहिली जे बोलली ते मला लागलं. "तुमचं घर भरलं आहे, म्हणून तुमाले गंमत वाटते."

सभामंडपात एकदम शांतता. मला काही उत्तर सुचलं नाही. घरी येऊन बी.ए.ची इतिहासाची पुस्तकं काढली, अजून काही मागवून वाचली. तेव्हा कळलं की हेच भांडण नव्वद वर्षांपूर्वी आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला झालं होतं. आणि ते कोणी लहानसहान माणसांनी केलेलं नव्हतं.

आपला मुलूख कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेपर्यंत होतं. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे निघाल्या. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचं सूत सरळ, एकसारखं आणि स्वस्त. कोष्ट्यांनी मागावर ते घेतलं, कारण त्यांनाही पोट होतं. मागावर बसणाऱ्याचं नाव झालं. घरातल्या बाया कांड्या भरत होत्या, त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. पण सूत कातणारी बाई तर पारच गेली. चरखा आधी कोपऱ्यात गेला, मग माळ्यावर, मग चुलीत.

किती गेला होता, ते ऐका. गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिलं तेव्हा त्यांनी चरखा डोळ्यांनी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आत्मकथेत त्यांनी तसं लिहिलंय. आश्रम काढला, माग बसवले, तरी सूत गिरणीचंच. कातायला शिकवणारं माणूसच मिळेना. शेवटी ते शोधून दिलं एका बाईनं.

तिचं नाव गंगाबेन मजमुदार. विधवा बाई. घोड्यावर बसायची, एकटी हिंडायची, शिवाशीव मानत नव्हती. १९१७ मध्ये भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींची तिच्याशी गाठ पडली. तिनं चरखा शोधायचं मनावर घेतलं. गुजरातभर फिरली आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला तिला चरखे सापडले. बऱ्याच घरांत होते, माळ्यावर टाकलेले. बाया म्हणाल्या, आम्हाला पेळू आणून द्या आणि आमचं सूत विकत घ्या, आम्ही कातू. बघा, गळ्यात हार घाला किंवा देशभक्त म्हणा, असं काही त्यांनी मागितलं नाही. कच्चा माल आणि खरेदीची हमी मागितली. आपल्या गटातली कोणतीही बाई आज हेच मागेल.

सुरुवातीला पेळू मुंबईच्या गिरणीतून येत. ते गांधीजींना पटेना. मग गंगाबेननं महिना पस्तीस रुपयांवर एक पिंजारी ठेवला, पोरांना पेळू करायला शिकवलं. पहिली खादी पडली ती वाराला सतरा आण्यांची, आणि अरुंद. गांधीजींनी तिला सांगून टाकलं, महिन्याभरात पंचेचाळीस इंच पन्ह्याचं धोतर मिळालं नाही, तर मी आखूड जाड्याभरड्या धोतरावर राहीन. बाईनं महिन्याच्या आत पन्नास इंचांची जोडी पाठवली. मला हा प्रसंग फार आवडतो.

आता आपल्या मराठी बाईकडे येते. गांधीजी आजारी होते, मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात पडून होते. त्यांच्या खोलीतच चरखा आणला आणि शिकायला चारजणी बसल्या. त्यात होत्या अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार, वसुमतीबेन आणि शंकरलाल बँकरांची विधवा आई. अवंतिकाबाई म्हणजे चंपारणमध्ये जाऊन शाळा चालवणाऱ्या, मुंबईत १९१८ मध्ये हिंद महिला समाज काढणाऱ्या. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींचं मराठीत चरित्र लिहिलं आणि त्याला टिळकांची प्रस्तावना होती. अशी बाई पेळू हातात धरून बसली, आणि नवशिकीचा तुटतो तसाच तिचाही धागा तुटला असेल ना! त्या चरख्याच्या घरघरीनं माझी तब्येत सुधारायला मदत झाली, असं गांधीजींनीच लिहून ठेवलंय. मला तर हे मैत्रिणींचं शिबिरच वाटतं.

पण हिशेब? तोही त्यांनी लपवला नाही. खाली रस्त्यावरून एक पिंजारी जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं तर त्यानं भरमसाट दर सांगितला. दिला. तयार झालेलं सूत वैष्णव मित्रांना पवित्रा एकादशीच्या माळांसाठी विकलं. खर्च जास्त, हाती कमी. पदरची भर घालणारे मित्र होते म्हणून ते चाललं. म्हणजे शिबिर तोट्यातच होतं, मैत्रिणींनो.

श्रीमंत मित्रांच्या खोलीत हे चालतं. गावात काय? १९२५ मध्ये चरखा संघ निघाला आणि गावोगावच्या गरीब बाया मजुरीवर कातू लागल्या. १९२९ मध्ये संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी बघा: किंमत दीडशेच्या वर नको, साध्या झोपडीत चालला पाहिजे आणि बाईला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे. आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही चरखा करून पाठवला होता. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे प्रभुदास गांधींचा पायानं चालवायचा मगन चरखा आला. दोन्ही हात मोकळे, एका वेळी दोन धागे. नंतर तमिळनाडूच्या एकांबरनाथांनी अंबर चरखा केला. त्यांच्याच नावावरून ते नाव.

मधल्या काळात गांधीजी वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी बाग आणि बंगला दिला, तीच मगनवाडी. डिसेंबर १९३४ मध्ये तिथून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. हातकागद, घाणीचं तेल, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ. ३० डिसेंबर १९३८ ला तिथलं मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे. वर्ध्याला काही कामानं गेलात तर तासभर काढा.

आणि भांडण झालं ते १९३५ मध्ये. खादी विकली जावी म्हणून कार्यकर्ते भाव खाली ठेवत. भाव खाली ठेवायचा तर मजुरी खाली, आणि मजुरी कोणाची? कातणाऱ्या बाईची. दिवसभर कातून तिला पोटापुरतंही मिळत नव्हतं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं की आपणच तिला लुटतोय. आठ तासांच्या कामाला आठ आणे द्या. कार्यकर्ते हादरले. खादी महाग होईल, कोण घेईल? त्यांचंही खोटं नव्हतं. वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबा तेव्हा स्वतः रोज आठ-आठ तास सूत कातून, कातणाऱ्याच्या मजुरीत माणूस जगतो का हे बघत होते. ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला चरखा संघाचा ठराव झाला की कातणारीला निदान निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ आण्यांपर्यंत काही गाडी गेली नाही, पण मजुरी वाढली.

मला यात एक गोष्ट खटकते. ही चर्चा पुढाऱ्यांमध्ये झाली. आठ आण्यांत काय येतं हे जिला सगळ्यांत जास्त ठाऊक, ती कातणारी बाई त्या बैठकीत बोलल्याचं मी कुठं वाचलं नाही.

म्हणून आम्ही आमची बैठक घेतली आणि सगळ्यांना बोलायला लावलं. वही काढली. एक गोधडी, तिघीजणी, सहा दुपारी, रोज तीन तास. झाले चौपन्न तास. नऊशेला गेली, दोरा-कापडाचे शंभर वजा केले, उरले आठशे. तासाला पंधरा रुपयेही नाही. निंदणाला गेलं तर याच्या दुप्पट पडतात. आणि शहरातला एक दुकानदार तीच गोधडी सहाशेला मागत होता, "हातचं काम आहे, एकसारखं नाही" म्हणून! त्याला नाही म्हटलं. पहिल्यांदा, सगळ्यांनी मिळून.

आता असं ठरलंय. मंगळवारची दुपार आपली. त्या दिवशी जे करायचं ते करा, विकायचं नाही, हिशेब नाही. बाकी दिवशी ऑर्डर असेल तरच काम, आणि आधी तासाची मजुरी ठरेल, मग वस्तूची किंमत. जिनं प्रश्न विचारला होता, तीच आता वही ठेवते. मंगळवारीही येते, हे सांगायला हवं.

मागच्या मंगळवारी आमच्या गटातल्या एक आजी घरून टकळी घेऊन आल्या. वर्ध्यालाच ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती, हाताच्या कामातून शिकवायचं म्हणणारी. त्यातून पुढे शाळाशाळांत मूलोद्योग आला, आणि आजी लहानपणी शाळेत टकळीवर कातत. साठ वर्षांनी हात बसेल का, असं आम्हाला वाटत होतं. पहिला धागा तुटला, दुसरा तुटला, पोरी हसल्या. तिसरा निघाला. खादीच्या हिशेबात एक तार म्हणजे चार फूट, आणि ६४० तारांची एक गुंडी. चहा होईपर्यंत आजींच्या अकरा तारा झाल्या होत्या. टकळी पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "सहाशे एकोणतीस राहिल्या. पेळू आणून ठेवजो."