हेलन केलर आणि मार्क ट्वेन

थोरांच्या मैत्रीची हकीकत सांगूं लागलें कीं चरित्रकारांची लेखणी बहुधा पाघळते. आणि त्या दोघांपैकीं एक व्यक्ति अंध व बधिर असली म्हणजे तर विचारावयासच नको. हेलन केलर आणि मार्क ट्वेन यांच्या स्नेहाची कथा अशीच पुष्कळदां सांगण्यांत आली आहे: इकडे एक कनवाळू वृद्ध विनोदकार, तिकडे एक असहाय मुलगी, आणि मध्यें दयेचा पूर. ही मांडणी आम्हांस मुळांतच खोटी वाटते. ट्वेन यांनीं हेलनसाठीं पैशाची तजवीज केली, व ती लहान गोष्ट नव्हती. परंतु त्याहून मोलाची एक वस्तु त्यांनीं तिला १९०३ सालीं एका पत्रानें दिली. तिची किंमत वाचकांस कळावयाची तर थोडें मागें जावें लागेल.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कंबिया या गांवीं झाला. एकोणीस महिन्यांची असतां एका दुखण्यांत तिची दृष्टि व श्रवण हीं दोन्ही गेलीं. ३ मार्च १८८७ रोजीं ॲन सलिव्हन नांवाची एक वीस वर्षांची शिक्षिका बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेंतून तिच्या घरीं आली, व तिनें करपल्लवीनें, म्हणजे तळहातावर बोटांनीं एकेक अक्षर काढून, तिला शब्द शिकविले. पंपाच्या धारेखालीं धरलेल्या हाताची ती सुप्रसिद्ध गोष्ट आमच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हां ती येथें पुन्हा सांगत नाहीं.

मार्क ट्वेन यांची व तिची पहिली भेट १८९५ सालीं न्यूयॉर्क येथें लॉरेन्स हटन या साहित्यिकाच्या घरीं झाली. हेलन त्या वेळीं चौदा वर्षांची असून तेथल्याच एका मूकबधिरांच्या शाळेंत शिकत होती. ट्वेन एकोणसाठ वर्षांचे होते. त्यांनीं तिला एक लांबलचक गोष्ट सांगितली. सलिव्हनबाई ती शब्दशः तिच्या हातावर उतरवीत होत्या, आणि हेलन जेथें हंसावें तेथेंच नेमकी हंसत होती. मग बाईंनीं तिला विचारलें, क्लेमेन्ससाहेब (हें ट्वेन यांचें खरें नांव) कशाबद्दल प्रसिद्ध आहेत? विनोदाबद्दल, असें तिनें उत्तर दिलें. शहाणपणाबद्दलही, अशी पुस्ती ट्वेन यांनीं स्वतःच विनयपूर्वक जोडली. आणि त्याच क्षणीं हेलनच्या तोंडूनही तेच शब्द बाहेर पडले. ट्वेन यांस याचें इतकें नवल वाटलें कीं अकरा वर्षांनीं आत्मचरित्र सांगतांना त्यांनीं हा प्रसंग साग्र नोंदविला. एका मनांतला विचार परभारें दुसऱ्या मनांत जात असावा, या कल्पनेचें त्यांना फार वेड होतें. आम्हांस त्यांत गूढ कांहीं दिसत नाहीं. चांगल्या श्रोत्याला वक्त्याचें पुढचें वाक्य आधींच सुचतें, एवढाच त्याचा अर्थ. मात्र असा श्रोता डोळे व कान शाबूत असलेल्यांतही विरळाच मिळतो.

या भेटीच्या वेळीं ट्वेन स्वतः कर्जबाजारी होते. त्यांच्या प्रकाशनसंस्थेचें १८९४ च्या एप्रिलमध्यें दिवाळें वाजलें होतें, व खिळे जुळविण्याच्या एका यंत्राच्या नादांत उरलीसुरली संपत्तीही बुडाली होती. सावकारांचा पैन्‌पै फेडण्यासाठीं ते १८९५ च्या उन्हाळ्यांत व्याख्यानें देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. याच फेरींत १८९६ च्या जानेवारींत ते मुंबईस आले, वॉटसनच्या हॉटेलांत उतरले, आणि आमच्या कावळ्यांवर त्यांनीं जें लिहिलें तें अद्यापि वाचण्यासारखें आहे. प्रवास संपवून ते इंग्लंडांत पोंचतात तोंच त्यांची थोरली मुलगी सूझी १८ ऑगस्ट १८९६ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्डच्या राहत्या घरीं मेंदूज्वरानें वारली. ती चोवीस वर्षांची होती. अखेरच्या दिवसांत तिची दृष्टि गेली होती. बाप समुद्रापलीकडे होता. त्याच महिन्यांत टस्कंबियास हेलनचे वडील वारले, आणि त्या वर्षाच्या आरंभीं तिच्या शिक्षणास मदत करणारे बोस्टनचे एक धनिक गृहस्थही निवर्तले होते.

अशा स्थितींत २६ नोव्हेंबर १८९६ रोजीं ट्वेन यांनीं लंडनहून हेन्‍री रॉजर्स यांच्या पत्नीस पत्र लिहिलें. रॉजर्स हे स्टँडर्ड ऑइल कंपनीचे बडे भागीदार. ट्वेन यांच्या कर्जाचा गुंता तेच सोडवीत होते. दारिद्र्यापायीं या मुलीचें शिक्षण थांबूं देणें अमेरिकेस शोभणार नाहीं, तुम्ही आपल्या यजमानांच्या कानीं घाला, असा त्या पत्राचा आशय. मुलीच्या मृत्यूला त्या वेळीं पुरते साडेतीन महिनेही झाले नव्हते. एकीचा शोक दुसरीच्या कळवळ्यांत उतरला असें ठाम विधान आम्ही करीत नाहीं. दोन तारखा शेजारीं ठेवून वाचकांवर सोंपवितों. ज्या मित्राच्या हातीं आपली स्वतःची अब्रू आहे त्याच्याकडे दुसऱ्यासाठीं शब्द टाकणें किती अवघड असतें, हें ज्याला प्रसंग आला असेल तोच जाणे. रॉजर्स यांनीं मदत केली, व १९०४ सालीं हेलन रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. तेलाच्या मक्तेदारीच्या पैशावर शिकलेली ही मुलगी १९०९ सालीं समाजवादी पक्षाची सभासद झाली, ही गंमत ट्वेन यांच्या एखाद्या कथेंत शोभली असती.

आतां ज्या पत्राचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळूं. १८९१ च्या शरदांत, अकरा वर्षांची असतां, हेलननें 'हिमराजा' या अर्थाच्या नांवाची एक छोटी गोष्ट लिहिली व पर्किन्सचे चालक अनॅग्नॉस यांस वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. त्यांनीं ती कौतुकानें छापली. थोड्याच दिवसांत असें आढळून आलें कीं मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या एका जुन्या परीकथेशीं ती कल्पनेंतच नव्हे तर कित्येक ठिकाणीं शब्दांतही जुळते. चौकशीअंतीं दिसलें तें असें: १८८८ च्या उन्हाळ्यांत हेलन ब्रूस्टर येथें राहिली असतां तेथल्या यजमानीणबाईंजवळ कॅन्बी यांचें पुस्तक होतें, व तें हेलनला करपल्लवीनें वाचून दाखविलें गेलें असलें पाहिजे. गोष्ट कोठून आली हें मूल विसरलें. गोष्ट मात्र राहिली. पर्किन्सच्या शिक्षकांची व अधिकाऱ्यांची एक समिती बसली. सलिव्हनबाईंस बाहेर जावयास सांगून त्या मुलीची एकटीची उलटतपासणी करण्यांत आली. समितीचीं मतें समसमान पडलीं. अनॅग्नॉस यांनीं आपलें मत मुलीच्या बाजूनें टाकलें, पण पुढें त्यांचेंही मन फिरलें. मूळ लेखिकेनें मात्र मोठ्या मायेनें तिला पत्र लिहिलें. ज्यांचें नुकसान झालें त्या रागावल्या नाहींत. रागावले ते त्रयस्थ!

ज्याला डोळेकान आहेत त्याच्यावर असा आरोप आला तर तो म्हणूं शकेल कीं हें मीं पाहिलें, तें मीं ऐकलें. हेलनला तीही सोय नव्हती. तिच्याजवळचा प्रत्येक शब्द दुसऱ्या कोणाच्या बोटांतून तिच्या तळहातावर आलेला. मग त्यांतला आपला कोणता व परका कोणता? या भयानें पुढें कित्येक दिवस साधें पत्र लिहितांनाही तिचा हात अडखळे. आईला लिहिलेल्या ओळीही ती पुनःपुन्हा तपासून पाही, असें तिनें स्वतःच लिहून ठेविलें आहे.

१९०३ सालीं हेलनबाईंचें आत्मचरित्र पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांतील ही हकीकत वाचून १७ मार्च १९०३ रोजीं ट्वेन यांनीं त्यांस पत्र लिहिलें. समितीच्या सभासदांस त्यांत जीं विशेषणें बहाल केलीं आहेत तीं या मासिकाच्या पानांवर उतरवण्याजोगीं नाहींत. सडलेल्या भाजीपाल्याची उपमा त्यांतल्या त्यांत सौम्य. पत्राचा मुद्दा असा कीं जगांत नवा विचार असा नसतोच. प्रत्येक ग्रंथ, प्रत्येक भाषण हजारों ज्ञात-अज्ञात उगमांतून झिरपत आलेलें असतें. आगगाडीचें किंवा तारायंत्राचें श्रेय शेवटच्या माणसास मिळतें, आधींचे विसरले जातात. आणि दाखला म्हणून त्यांनीं स्वतःचीच चोरी सांगितली. १८६६ सालीं सँडविच बेटांत आजारी पडले असतां त्यांनीं ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा एक काव्यसंग्रह वाचला होता. पुढें स्वतःच्या प्रवासवर्णनास अर्पणपत्रिका जोडली ती होम्स यांचीच निघाली, आणि दुसऱ्यानें दाखवून देईपर्यंत त्याचा यांना पत्ताही नव्हता!

सिद्धान्त म्हणून हें मत आम्हांस मान्य नाहीं. सगळेंच उसनें मानलें तर मार्क ट्वेन आणि त्यांची नक्कल करणारे शंभर लोक यांत भेद तो काय राहिला? शिवाय त्याच पत्रांत सलिव्हनबाईंच्या गुणांची स्तुति करतांना त्यांनीं स्वतंत्र प्रतिभेचाही समावेश केला आहे. म्हणजे जी वस्तु जगांत नाहीं ती चार ओळींच्या अंतरानें बाईंजवळ सांपडली. पण वकिलानें अशिलासाठीं कायदा थोडा ताणला म्हणून कोण रागावेल? पत्रांतील मर्म सिद्धान्तांत नव्हतें. अडुसष्टाव्या वर्षांत असलेला, सर्व जगानें डोक्यावर घेतलेला एक लेखक बावीस वर्षांच्या मुलीशेजारीं आरोपीच्या पिंजऱ्यांत आपण होऊन येऊन उभा राहिला. तिच्या अंधत्वाबद्दल त्यांनीं सूट मागितली नाहीं. हा लेखकांचा सर्वसाधारण धर्म आहे, आणि तूं लेखिका आहेस, एवढेंच त्यांनीं तिला सांगितलें.

तरी आक्षेप थांबले नाहींत. जिनें रंग पाहिले नाहींत तिनें रंगांविषयीं लिहावें हें ढोंग होय, असें कांहीं टीकाकार म्हणत राहिले. या बाबतींत आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींस बोलण्याचा विशेष अधिकार आहे. डॅफोडिलचें फूल व नाइटिंगेल पक्षी यांवर आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनीं परीक्षेंत पानेंच्या पानें लिहिलीं; आमच्यांतील बहुतेकांनीं तें फूल पाहिलें नव्हतें, त्या पक्ष्याचा स्वर ऐकला नव्हता. विद्यापीठानें आम्हांस ढोंगी म्हटलें नाहीं, उलट पदव्या दिल्या. आणि त्या लेखनांत सगळेंच पोकळ होतें असेंही आम्ही म्हणणार नाहीं. न पाहिलेल्या फुलाचाही कांहीं आनंद आम्हांस खरोखर झाला होता. हेलनबाईंनीं १९०८ सालीं आणखी एक पुस्तक लिहून आपल्या जगाचें, म्हणजे स्पर्शाचें व गंधाचें, वर्णन केलें. तें वाचल्यावर डोळसांच्या शब्दसंपत्तींत या दोन इंद्रियांपुरतें किती दारिद्र्य आहे हें उमजतें.

१९०९ च्या जानेवारींत सलिव्हनबाई, त्यांचे पति जॉन मेसी व हेलनबाई असे तिघेजण ट्वेन यांच्या रेडिंग गांवच्या स्टॉर्मफील्ड या घरीं पाहुणे म्हणून गेले. पत्नी पांच वर्षांपूर्वीं फ्लॉरेन्सला निवर्तली होती. यजमान थकले होते. पण थट्टा कायम होती. चला, तुम्हांस बिलियर्ड शिकवितों, असें ते हेलनबाईंस म्हणाले. त्याला दृष्टि लागते, असें बाईंनीं सांगतांच, माझे मित्र जसें खेळतात त्याला लागत नाहीं, असें त्यांचें उत्तर! आंधळ्या माणसासमोर आंधळेपणाचा विनोद करण्यास फार मोठी जवळीक लागते. दया करणाऱ्याला तो साधत नाहीं.

एका सायंकाळीं त्यांनीं 'ईव्हची रोजनिशी' ही आपली कथा वाचून दाखविली. आदिमातेच्या या काल्पनिक रोजनिशींत त्यांनीं आपल्या दिवंगत पत्नीचें स्मरण गुंफलें आहे. हेलनबाई शेजारीं बसून त्यांच्या ओठांवर बोटें ठेवून ऐकत होत्या. बोटांना शब्दाबरोबर श्वासही कळतो, स्वर कोठें जड होतो तेंही कळतें.

२१ एप्रिल १९१० रोजीं मार्क ट्वेन वारले. हेलनबाई त्यानंतर अठ्ठावन्न वर्षें जगल्या; १९५५ सालीं त्या आपल्या देशांतही येऊन गेल्या. १९२९ च्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं ट्वेन यांच्यावर एक सबंध प्रकरण लिहिलें आहे. स्टॉर्मफील्डचें घर १९२३ सालीं आगींत जळालें. त्यानंतर हेलनबाई तेथें गेल्या तेव्हां घराच्या जागीं धुराड्याचा एक काळवंडलेला विटांचा मनोरा तेवढा उभा होता.