चार्जरच्या एकरूपतेचा इतिहास

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपल्याकडे विपुल लिहिला गेला आहे. परंतु ज्या लहानसान वस्तूंवांचून आतां एक दिवसहि सुखानें जात नाहीं, त्यांच्या इतिहासाकडे विद्वानांचें लक्ष क्वचितच जातें. मोबाइलचा चार्जर ही अशीच एक वस्तु आहे. घरांत माणसें चार असलीं तर चार्जर आठ निघतात, आणि तरीहि ऐन वेळीं हवा तो सांपडत नाहीं. चार्जर निवडतांना गृहस्थाचा जो गोंधळ उडतो तो त्याच्या अज्ञानाचा परिणाम आहे, असा एक समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. या गोंधळाला सुमारें तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून योग्य निवड करतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम चार्जर या नांवाविषयींच थोडें लिहिणें अवश्य आहे. पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. ती शिशाची व आम्लाची होती. वजनानें हलकी अशी लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणली, आणि आजचे मोबाइल याच जातीच्या बॅटरीवर चालतात. ही बॅटरी मोठी नाजूक प्रकृतीची असते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ती तापते, फुगते, प्रसंगीं पेटहि घेते. म्हणून तिला केव्हां किती प्रवाह द्यावयाचा हें ठरविणारी योजना बहुतेक मोबाइलच्या पोटांतच केलेली असते. भिंतीवरील प्लगांत आपण जो डबा खोंवतों तो २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह घेऊन त्याचा कमी दाबाचा, एका दिशेनें वाहणारा प्रवाह करून देतो, इतकेंच. तो पुरवठा करणारा आहे. घेणारा किती घेईल तें घेणाऱ्याच्या हातीं असतें. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढील पुष्कळशा शंकांचें निरसन आपोआप होतें.

भारतांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू व केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यामध्यें झालें. त्यानंतरच्या दशकांत निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापल्या मोबाइलना निरनिराळ्या आकाराचीं छिद्रें ठेवलीं. एकाच कंपनीच्या दोन मोबाइलना एक चार्जर चालेल याचाहि भरंवसा नसे. नोकियाची 'जाड पिन' आणि 'बारीक पिन' हे शब्द त्या काळीं घरोघरीं रुळले होते. युरोपांतहि स्थिति निराळी नव्हती. २००९ सालीं तेथें तीस प्रकारचे चार्जर चालू होते, असें युरोपीय आयोगानें नमूद केलें आहे. या वैचित्र्याला यंत्रशास्त्राचें कारण फार थोडें होतें. बॅटऱ्या जवळजवळ एकाच जातीच्या, त्यांना लागणारा दाबहि जवळजवळ सारखाच. निराळें होतें तें मुख्यतः टोंक. गिऱ्हाइकानें पुन्हां आपल्याच दुकानीं यावें हा त्या टोंकाचा एक मोठा उपयोग होता, असें म्हणणें अन्यायाचें होणार नाहीं.

आपल्याकडे वजनामापांचें असेंच होतें. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळत नसे, आणि त्यांत नडला जाई तो परगांवचा गिऱ्हाईक. १९५६ सालीं कायदा झाला व १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनें टप्प्याटप्प्यानें सुरू झालीं, तेव्हां हा घोळ मिटूं लागला. व्यापाऱ्यांनीं आपसांत बसून तो मिटविला नाहीं. चार्जरच्या इतिहासाचा ओघ याहून फारसा निराळा नाहीं.

एकरूपतेचें बीज मात्र मोबाइलच्या नव्हे, तर संगणकाच्या क्षेत्रांत पडलें. संगणकाला जोडावयाच्या उपकरणांना एकच जोड असावी या हेतूनें यूएसबी ही योजना १९९६ सालीं पुढें आली. इंटेल कंपनीत या कामाचें नेतृत्व करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. यूएसबीच्या जुन्या चपट्या टोंकाची एकच बाजू बसते व ती पहिल्या खेपेस बहुधा चुकते, हा सर्वांचा अनुभव आहे. तें दोन्ही बाजूंनीं बसणारें करावयाचें तर खर्च दुप्पट झाला असता, असें भट्ट यांनीं पुढें सांगितलें. ही योजना माहितीच्या दळणवळणासाठीं होती. तिच्या तारेंतून माहितीबरोबर ५ व्होल्टचा प्रवाहहि जात असे, आणि याच आनुषंगिक सोयीचा पुढें मुख्य उपयोग झाला.

चीननें डिसेंबर २००६ मध्यें काढलेल्या मानकानें चार्जरच्या बाजूस यूएसबीचें तोंड असावें असें ठरविलें. जून २००९ मध्यें नोकिया, सॅमसंग, ॲपल आदि दहा कंपन्यांनीं युरोपीय आयोगाच्या पुढाकारानें मायक्रो-यूएसबी हें समान टोंक मानण्याचा करार केला. करार स्वेच्छेचा होता, व त्यांत जोडतुकडा देऊन सुटण्याची वाट होती. ॲपलनें त्याच वाटेनें जाऊन २०१२ सालीं लाइटनिंग हें आपलें स्वतंत्र टोंक प्रचारांत आणलें. तीसांचे तीन झाले, पण एक झाला नाहीं. २०१४ सालीं टाइप-सी हें दोन्ही बाजूंनीं बसणारें, चोवीस संपर्कांचें टोंक सिद्ध झालें, तेव्हां तांत्रिक अडचण म्हणून कांहीं उरली नाहीं. उरली ती फक्त इच्छेची अडचण. ती अखेर कायद्यानें दूर केली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं युरोपीय संसदेनें ६०२ विरुद्ध १३ मतांनीं टाइप-सी सक्तीचें केलें. मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे इत्यादींसाठीं २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठीं २८ एप्रिल २०२६ ही मुदत ठरली. मुदतीपूर्वींच, सप्टेंबर २०२३ मध्यें, ॲपलच्या आयफोनलाहि टाइप-सीचें तोंड आलें. न वापरतां टाकून दिलेल्या चार्जरांचा कचराच युरोपांत वर्षाला सुमारें ११,००० टन होतो, असा आयोगाचा अंदाज होता. भारतीय मानक ब्यूरोनेंहि टाइप-सीचें मानक प्रसिद्ध केल्याचें जानेवारी २०२३ मध्यें जाहीर झालें.

येथें इतिहास संपला असता तर गृहस्थाचें काम सोपें झालें असतें. परंतु टोंकें एकरूप होत असतांनाच पोटांतील भेद वाढत होते. व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्टचा १ ॲम्पिअर देणारा जुना चार्जर ५ वॅटचा; मोठ्या पडद्याच्या मोबाइलला तो अपुरा पडूं लागला. तेव्हां क्वालकॉमनें २०१३ सालीं क्विक चार्ज काढून दाब वाढविला. ओप्पोनें २०१४ सालीं व्हूक काढून प्रवाह वाढविला. आणि यूएसबीच्या मंडळानें पॉवर डिलिव्हरी ही सर्वांसाठीं खुली पद्धति सिद्ध केली, जींत मोबाइल व चार्जर प्रथम आपसांत ठरवितात आणि मगच ५, ९, १५ किंवा २० व्होल्टचा पुरवठा सुरू होतो. २०२१ सालीं या पद्धतीची कमाल मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. परिणाम असा कीं तोंड एकच, पण एक चार्जर ५ वॅटचा, दुसरा ६५ वॅटचा, आणि तिसरा स्वतःच्या कंपनीच्या मोबाइलशींच मोकळेपणानें बोलणारा. किलो आला म्हणून तराजूची दांडी पाहण्याचें कोणीं सोडलें नाहीं. टाइप-सी आलें म्हणून चार्जरवरील अक्षरें वाचण्याचें सोडतां येत नाहीं.

त्या बारीक अक्षरांत 'आउटपुट' या शब्दापुढें व्होल्ट व ॲम्पिअर यांच्या जोड्या दिलेल्या असतात, आणि निवडीचा सारा आधार तेथेंच असतो. मोबाइल जितके वॅट घेऊं शकतो तितके देणारा, पॉवर डिलिव्हरीचा चार्जर बहुतेक घरांस पुरतो. कांहीं मोबाइलना त्याच पद्धतीची, दाब बारकाईनें कमीअधिक करणारी पीपीएस ही शाखा लागते, तीहि तेथेंच लिहिलेली असते. अधिक वॅटच्या चांगल्या चार्जरनें लहान मोबाइल बिघडेल ही भीति निराधार आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणें किती घ्यावयाचें तें मोबाइल ठरवितो. उलट, स्वतंत्र पद्धतीचा मोबाइल परक्या चार्जरवर भरतो, पण सावकाश भरतो. केबलकडेहि दुर्लक्ष करून चालत नाहीं. दोन्ही टोंकांस टाइप-सी असलेली साधी केबल ३ ॲम्पिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटची असते. त्याहून अधिक शक्ति हवी तर ५ ॲम्पिअरची, आंत ओळख सांगणारी चिप असलेली केबल घ्यावी लागते.

कानांतील इअरबड किंवा मनगटावरील घड्याळ यांची भूक अगदीं थोडी असते. त्यांना ५ वॅट पुष्कळ झाले. कांहीं स्वस्त उपकरणांना टाइप-सीचें तोंड असूनहि तीं टाइप-सीच्या चार्जरवर भरत नाहींत, आणि लोक तीं बिघडलीं समजून टाकून देतात. पुष्कळदां दोष इतकाच असतो कीं चार्जरला ओळख पटविणारे दोन क्षुद्र रोधक निर्मात्यानें पैसे वांचविण्यासाठीं गाळलेले असतात. जुन्या चपट्या तोंडाचा चार्जर आणि त्याची केबल लावली कीं तीं भरूं लागतात. खरा धोका गोल पिनेच्या चार्जरांत आहे. राउटर, खेळणें, ट्रिमर यांच्या पिना दिसावयास सारख्या, पण एकांतून ५, दुसऱ्यांतून ९, तिसऱ्यांतून १२ व्होल्ट येतात, आणि तेथें आधीं विचारून घेण्याची सोय नसते. ती पिन बसली म्हणजे जुळली असें समजूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसत नाहीं ती. भिंतीचे २३० व्होल्ट आणि आपल्या हातांतील केबल यांच्यामध्यें चार्जरच्या पोटांत एक विलगीकरण असतें; नकली चार्जर स्वस्त होतो तो पुष्कळदां तेथेंच काटकसर करून. २०१२ च्या आदेशानें अशा वस्तूंची नोंदणी आपल्या देशांत सक्तीची करण्यास आरंभ झाला. मानक ब्यूरोचें चिन्ह व 'आर'नें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक चार्जरवर असतो, व तो ब्यूरोच्या यादीत ताडून पाहतां येतो. २०२० सालीं ॲपलनें आयफोनच्या पेटींतून चार्जर काढला, व इतरांनीं तो कित्ता गिरविला. तेव्हांपासून निवडीचा भार निर्मात्याकडून गृहस्थाकडे आला आहे. टोंकाची एकरूपता मिळवावयास लोकांच्या प्रतिनिधींना व सरकारांना कायदा करावा लागला. पोटांतील गुणावगुणांविषयीं तितकीच स्पष्ट व ठळक माहिती प्रत्येक चार्जरवर छापली जावी, अशी मागणी ग्राहकांनीं आतां करावयास हवी. आणि ती पुरी होईपर्यंत दुकानांत भिंग मागण्याची लाज कोणीं बाळगूं नये, असें आम्हांस वाटतें.