हिशेबाच्या वहींतलीं नांवें



नारायणराव पेशव्यांच्या वधाचा पाठ मीं पुष्कळ वर्षें शिकविला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत धन्यासाठीं प्राण देणारा चापाजी टिळेकर माझ्या मुलांना तोंडपाठ असे. गारद्यांच्या त्याच हल्ल्यांत दोन कुणबिणीहि कापल्या गेल्या. त्यांचीं नांवें एकाहि मुलानें विचारलीं नाहींत. मलाहि तीं विचारावींशीं वाटलीं नाहींत.

येथें कुणबीण म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील कुणबी घरची बाई नव्हे. ती विकत घेतलेली, किंवा व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारनें दास्यांत घातलेली स्त्री. पेशवाईंत अशा स्त्रिया सरकारी पागांत, कोठ्यांत आणि खासगी घरांत राबत.

त्यांची आठवण कागदानें ठेवली ती मायेनें नव्हे, मालमत्तेच्या काळजीनें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांत आणि गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत त्या भेटतात, त्या विक्री, पलायन, सुटका अशा प्रसंगीं. कोठें नुसती संख्या, कोठें वय व किंमत, कोठें नांव. तें नांवहि कदाचित् धन्यानेंच ठेवलेलें!

अमेरिकेंत १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांच्या निराळ्या याद्या झाल्या. त्यांत धन्याचें नांव आहे. गुलामाचें मात्र बहुधा वय, लिंग आणि वर्ण एवढेंच. म्हणून त्यांचे वंशज मृत्युपत्रें व मालमत्तेच्या याद्या चाळून पणजीचें नांव हुडकतात. ज्या कागदानें माणसाला वस्तु ठरविलें, तोच त्याच्या माणूसपणाचा साक्षीदार होतो.

१८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनीच्या मुलुखांत गुलामावरील हक्क कोर्टांत चालेनासा झाला, आणि १८६० च्या दंडसंहितेनें गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. दास्य गेलें, ‘बटीक’ हा शब्द मात्र शिवी होऊन आपल्या तोंडीं राहिला. शब्द आपण जपला, माणसें विसरलों.

आमच्या चांदूर रेल्वेसारख्या गांवांतहि जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील. ते रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्याकडून वाचवून घ्या. शेताची हद्द शोधतां शोधतां एखादे वेळीं बाईचें नांव, वय व किंमत अशी ओळ निघेल. घराण्याला कमीपणा येईल म्हणून ती फाडूं नका. नांव उतरून घ्या. शेजारीं साल, गांव आणि किंमतहि लिहा. हिशेब आपल्या पूर्वजांचा आहे. नांव तिचें आहे.