ऑटोमॅटिक गिअरची स्थाने (घाटरस्त्यावरील वापर)

क्लचचे पेडल नसलेल्या मोटारीत चालक दांड्याने ज्या अवस्था निवडतो, त्यांना गिअरची स्थाने म्हणतात. पी म्हणजे पार्किंग, आर रिव्हर्स, एन न्यूट्रल आणि डी पुढे जाण्यासाठी. त्याखेरीज गाडीनुसार एल (खालचा गिअर), एस (स्पोर्ट) किंवा एम (हाताने गिअर निवडणे). शहरात डी आणि आर एवढ्यावर भागते. मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या आणि त्याहून जास्त ताम्हिणीच्या घाटात मात्र उरलेली अक्षरे कळलेली असावीच लागतात.

जनरल मोटर्सच्या १९३९ सालच्या हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्समध्ये क्रम एन, डी, एल, आर असा होता; म्हणजे रिव्हर्स थेट खालच्या गिअरला लागून. चुकीचा गिअर पडण्याचा धोका ओळखून अमेरिकेच्या सुरक्षानियमांनी पुढे आर आणि डी यांच्यामध्ये एन सक्तीचा केला. आज बहुतेक गाड्यांत तोच क्रम दिसतो.

पी टाकल्यावर एक छोटा पोलादी खटका गिअरबॉक्सच्या दातेरी चाकात अडकतो. उतारावर सगळी गाडी त्या खटक्यावर टांगून ठेवू नये. पायाने ब्रेक दाबून एन टाकावा, हँडब्रेक ओढावा, पाय सैल करून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्यावे आणि मग पी टाकावा.

ताम्हिणी गावाकडून विळ्याकडे उतरताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. मुळशी धरणाचे पाणी भिरा वीजकेंद्रात साधारण एवढ्याच उंचीवरून पडते आणि त्यावर वीज तयार होते. गाडीतली ही ऊर्जाही कुठेतरी जावी लागतेच. १२०० किलोची गाडी ५०० मीटर उतरते तेव्हा २० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात खर्च होते. बाकीची इंजिनने रोखली नाही तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक फार तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही.

म्हणून पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे ही घाटातली सर्वांत घातक सवय आहे. वाचतही काही नाही: आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होते, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागते. नुसता डीदेखील पुरेसा नाही. ॲक्सिलरेटरवर पाय नाही असे दिसताच अनेक गिअरबॉक्स वरचा गिअर घेतात आणि इंजिनची पकड सैल होते. घाट सुरू होण्यापूर्वीच एल घ्यावा किंवा एम करून दुसरा-तिसरा गिअर धरावा. इंजिनचा आवाज वाढतो. त्याने घाबरू नये, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाणार नाही एवढे पाहावे.

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) भारतातल्या स्वस्त गाड्यांत आला. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. यात सहसा पी नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचे आणि हँडब्रेक पक्का ओढायचा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या धबधब्यांपाशी रांग लागते, तेव्हा चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणारे क्लच प्लेट जाळून घेतात. तिथे ब्रेकच हवा.

इलेक्ट्रिक गाडीत सहसा गिअर एकच असतो. उतारावर मोटरच जनित्र होऊन गाडी रोखते आणि बॅटरी भरते. मात्र मुळशीच्या एखाद्या रिसॉर्टवर रात्रभर चार्ज करून सकाळी कोकणात उतरायला निघाले, तर भरलेल्या बॅटरीत जागा नसते; मोटरची रोखण्याची ताकद कमी पडते आणि पहिली काही वळणे ब्रेकवरच घ्यावी लागतात. अशा वेळी आदल्या रात्री ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवलेले बरे.