कॅमेऱ्याच्या चौकटीचे माप

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलण्यास सुचविले होते. आम्ही विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो उदारपणे दिला. याचे कारण असे की, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हल्ली एक नवा नाद आम्हांस दिसू लागला आहे. सुटीच्या दिवशी पहाटे उठून प्राण्यापक्ष्यांची छायाचित्रे घ्यावयास जाणारे कामगार आता थोडेथोडके नाहीत. लग्न, घर आणि आजारपण यांच्याबरोबरीने ‘कॅमेरा’ हेही कारण कर्जाच्या अर्जावर येऊ लागले आहे. आणि युनियनच्या कचेरीत येऊन आम्हांस विचारतात, “अण्णा, फुल फ्रेम घ्यावा की क्रॉप?” दोन-तीन महिन्यांचा पगार ज्या प्रश्नात अडकणार, तो प्रश्न हसण्यावारी नेणे बरे नव्हे. आम्ही शास्त्रज्ञ नाही. शाळाही अर्धीच झाली. परंतु कोणतेही माप कोठून आले हे विचारल्यावाचून त्यापुढे मान तुकवावयाची नाही, ही सवय आम्हांस कारखान्याने लावली आहे.

‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद अशी चौकट. हे माप कोणी ठरविले? ते एका कामगाराने ठरविले. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ या सूक्ष्मदर्शके बनविणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा मेकॅनिक १९११ साली कामास लागला. त्यास छायाचित्रणाचा छंद, आणि प्रकृतीने दमेकरी. त्या काळी कॅमेरा म्हणजे जड पेटी. तीत काचेच्या पट्ट्या घालाव्या लागत, आणि डोंगर चढताना त्या वाहून नेता नेता बार्नाकचा जीव मेटाकुटीस येई. बाजारात सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मिळत होती. तीही एडिसनच्या प्रयोगशाळेत ईस्टमनची ७० मिलिमीटरची फिल्म उभी चिरून निघालेली. सिनेमाचे एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असे. बार्नाकने फिल्म आडवी फिरविली, दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली आणि २४ बाय ३६ हे माप जन्मास आले. १९१३-१४ मध्ये त्याने पहिला नमुना आपल्या हाताने घडविला. पुढे महायुद्ध आले, मंदी आली. १९२४ साली मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी धोका पत्करून हा कॅमेरा बाजारात आणण्याचे ठरविले. कुशल हातांना काम राहावे हाही विचार त्यामागे होता, असे सांगतात. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला.

येथे एक मौज ध्यानात ठेवावी. त्या वेळच्या छायाचित्रकारांनी या चौकटीस पूर्ण म्हटले नाही. त्यांनी तिला चिमुकली म्हटले, आणि जर्मन भाषेत तिला आजही ‘छोटे चित्र’ याच अर्थाचा शब्द आहे. ज्यास आमचा दुकानदार ‘फुल’ म्हणून छाती फुगवितो, ते शंभर वर्षांपूर्वी दमेकऱ्याचे, खिशात मावणारे माप होते.

आमच्या देशात वाघाची छायाचित्रे प्रसिद्धीस आणली ती संयुक्त प्रांताच्या वनखात्यातील एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. वाटेवर तार बांधावयाची, वाघाचा पाय तीवर पडला की उजेडाचा लोळ उठावा आणि चित्र उमटावे, अशी ती युक्ती. त्यांचे पुस्तक १९२७ चे, म्हणजे लायका निघाल्यानंतर दोनच वर्षांचे. या तारेकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

आता फिल्मकडून सिलिकॉनकडे वळू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी उजेडाचे विजेत रूपांतर करून ती टिपून ठेवणारा तुकडा शोधून काढला. त्यास नोबेल मिळावयास २००९ साल उजाडले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी अशा तुकड्याचा कॅमेरा जोडला. त्यात १०,००० ठिपक्यांचे चित्र येई, आणि ते कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकने २०१२ साली दिवाळे जाहीर केले. आमच्याकडे १९६० साली स्थापन झालेला उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखानाही बंद पडला. फिल्मबरोबर फिल्म बनविणारे हातही बाजूस पडले, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही येथे नमूद करून ठेवतो.

सेन्सर लहान का झाला, हे समजावयास भौतिकशास्त्र नको. प्रेस शॉप पुरे. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापून काढतात, जसे आपण पत्र्यातून ब्लँक काढतो. पत्र्यावर दहा ठिकाणी डाग आहेत असे समजा. त्यातून दोनशे लहान ब्लँक काढले तर फार तर दहा रिजेक्ट होतील. त्याच पत्र्यातून वीसच मोठे काढले तर तेच दहा डाग अर्धा माल खाऊन टाकतील. कॅननने स्वतःच २००६ च्या सुमारास हिशेब मांडला होता की, आठ इंची चकतीतून लहान सेन्सर पुष्कळ निघतात आणि फुल फ्रेमचे सुमारे २०च. मोठ्या सेन्सरची किंमत चौपट-पाचपट नसून त्याहूनही किती वाढते, हे प्रेसवर उभा राहिलेला माणूस लगेच ओळखील.

म्हणून निकॉनने १९९९ साली ‘डी १’ काढला तो २३.७ बाय १५.६ मिलिमीटरच्या सेन्सरचा. या मापास एपीएस-सी म्हणतात. हे नाव १९९६ साली निघालेल्या आणि थोड्याच वर्षांत मावळलेल्या एका फिल्मचे. फिल्म गेली, नाव उरले. २००२ साली कॅनन आणि कॉन्टॅक्स यांचे ३६ बाय २४ चे डिजिटल कॅमेरे आले, आणि तेव्हापासून लहानास ‘कापलेला’ आणि मोठ्यास ‘पूर्ण’ म्हणण्याची चाल पडली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पसने १७.३ बाय १३ चे आणखी लहान माप आणले. ‘पूर्ण’ हा शब्द बार्नाकच्या फिल्मशी तुलना करून आलेला आहे. निसर्गाच्या कोणत्याही नियमाने नव्हे.

हा झाला इतिहास. आता तो घेऊन रानात जाऊ.

मयूरेश्वर अभयारण्य हे सुप्याजवळचे लहानसे माळरान आहे. तेथे चिंकारा आहे. खांद्यापाशी पासष्ट सेंटिमीटर उंचीचा चिंकारा शंभर मीटरांवर उभा आहे, आणि आपल्याजवळ ४०० मिलिमीटरचे भिंग आहे. सेन्सरवर त्याची उंची किती पडेल? २.६ मिलिमीटर. सेन्सर मोठा असो वा लहान, २.६ मिलिमीटरच! मोठ्या सेन्सरवर भोवतालचे गवत जास्त येईल, एवढाच फरक. लोक म्हणतात की क्रॉपने प्राणी दीडपट जवळ येतो. तो जवळ येत नाही. कडेचे गवत तेवढे छाटले जाते. खरा प्रश्न हा की, त्या २.६ मिलिमीटरांत ठिपके किती बसतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर उभे सुमारे ४३० बसतील, २१ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे ६१५, आणि ४५ मेगापिक्सेलच्या महाग फुल फ्रेमवर सुमारे ६००. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याशी बरोबरी करावयास मोठ्या मापास दुप्पट ठिपके विकत घ्यावे लागतात.

“पण अण्णा, उजेडाचे काय?” हा आक्षेप योग्य आहे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. ज्या खेड तालुक्यात चाकणचे कारखाने आहेत, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकास भीमाशंकर आहे. १९८५ पासून ते अभयारण्य आहे. दाट छायेत उंच फांदीवर शेकरू बसलेले असते. खाली उभ्या माणसास फारसे जवळ जाता येत नाही, कारण झाड चढून जावे तर शेकरू पुढच्या झाडावर. त्या शेकरापासून निघालेला उजेड किती गोळा होतो, हे भिंगाच्या तोंडावर अवलंबून असते. ३०० मिलिमीटरचे एफ/४ भिंग म्हणजे ७५ मिलिमीटरचे तोंड. विहिरीवर पाणी घागरीच्या मापाने येते, घरातल्या रांजणाच्या मापाने नव्हे. सेन्सर हा रांजण आहे.

मग मोठ्या सेन्सरचा लाभ कोणास? ज्यास चौकट भरता येते त्यास. फुल फ्रेमचे क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सीचे सुमारे ३७०. प्राणी चौकटभर असेल तर सव्वादोन पटींहून अधिक उजेड मिळतो, आणि सांजवेळी तो लाभ खराच आहे. ताडोब्यास जिप्सीत बसून पंधरा-वीस मीटरांवर वाघ पाहणाऱ्याने मोठा सेन्सर खुशाल घ्यावा. किंवा ज्याच्यापाशी ६०० मिलिमीटरचे एफ/४ भिंग आहे त्याने घ्यावा; त्याचे तोंड १५० मिलिमीटर आणि किंमत दहा लाखांच्या पुढे. म्हणजे फुल फ्रेम वसूल व्हावयास आधी सफारीचे भाडे किंवा असले भिंग परवडावे लागते. आमच्या पाळीवाल्याची गोष्ट वेगळी. तो माळावर लांब उभा असतो.

राहिला बिबट्या. मार्च २०२२ मध्ये तो चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यातच शिरला. काही तास काम थांबले, आणि वनखात्याने त्यास बेशुद्ध करून सुखरूप नेले. उसाच्या फडात राहणारा हा प्राणी पाठलाग करून टिपावयाचा नाही. तसे करणे त्याच्या आणि आपल्या दोघांच्या जिवावर बेतेल. त्याची खरी चित्रे मिळाली ती चॅम्पियनच्या तारेच्या वंशातील यंत्रांनी. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात पायवाटांवर आपोआप चालणारे कॅमेरे लावले, अंगावरील ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला, आणि २०१३ साली जगापुढे मांडले की, जंगल नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरांस सुमारे पाच प्रौढ बिबटे नांदत आहेत. असा कॅमेरा वाटेपासून थोड्याच अंतरावर असतो आणि उजेड आपला आपण पाडतो. त्यास मोठ्या सेन्सरची गरजच पडत नाही. असेंब्ली लाइनवर माल तपासणारे कॅमेरे लहान सेन्सरवर भागवितात तेही याचमुळे, दिवा आपल्या हाती असतो.

आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी वर्गणी काढून सामायिक कॅमेरा घेतला तेव्हा बरीच वादावादी झाली. तरुणांना फुल फ्रेम हवा होता. शेवटी कागदावर आकडे मांडले. एपीएस-सीचा जुना, परंतु चांगला चाललेला कॅमेरा घेतला आणि उरलेल्या साऱ्या पैशांचे ३०० मिलिमीटरचे एफ/४ भिंग. ते भिंग उद्या फुल फ्रेमच्या कॅमेऱ्यासही बसेल. वापरण्याची पाळी वहीत लिहिलेली असते. सध्या तो रात्रपाळीच्या गटाकडे आहे. सकाळी सात वाजता पाळी सुटली की ते परस्पर इंद्रायणीच्या काठास जातात, आणि नऊपर्यंत झोपावयास घरी येतात.