विज्ञानसंशोधनाला घराण्यांचे दान

भंडारा-पवनी मार्गावरील अड्याळ हे धानपट्ट्यातील गाव. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील विद्यार्थ्याची विज्ञानाची वाट बहुधा नागपूरलाच जाते. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात उपयोजित विज्ञानाचा पाया मात्र सरकारी अनुदानाने नव्हे, तर एका मृत्युपत्राने घातला गेला.

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती नागपूर विद्यापीठाच्या नावे केली. ही रक्कम उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या अध्यापनासाठी वापरावी, अशी त्यांची इच्छा होती. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील मँगनीज त्या काळी मोठ्या प्रमाणावर कच्च्या स्वरूपातच परदेशी जात असे. कच्चा माल येथला आणि त्यावर प्रक्रिया करण्याचे ज्ञान परक्याचे, ही स्थिती पाहता या दानाचा रोख किती अचूक होता, हे लक्षात येते.

या देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ मध्ये, म्हणजे तब्बल १२ वर्षांनी. रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच तेल, अन्न, कागद, रंगलेप, प्लास्टिक अशा उद्योगांशी थेट निगडित शाखा तेथे विकसित झाल्या. २०२३ मध्ये या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झाले. ज्या विद्यापीठाला दान दिले, त्याच्यापासून संस्था वेगळी झाली. पण दात्याचा हेतू आणि नाव टिकून राहिले. मृत्युपत्रात हेतू स्पष्ट नसता, तर ९० वर्षांनंतर एवढी खात्री देता आली नसती.

भारतात अशा दानाचे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला, संपूर्ण संस्था उभारण्याचा. जमशेटजी टाटा यांनी विज्ञानसंस्थेसाठी मुंबईतील आपल्या मालमत्ता देऊ केल्या; परंतु १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोराबजी आणि रतनजी या पुत्रांनी वडिलांचा संकल्प तडीस नेला, म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि १९०९ मध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. वारसांनी वाटा मागण्याऐवजी संकल्पच चालवला, हे येथे महत्त्वाचे.

दुसरा प्रकार प्राध्यापकपदाचा. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांच्या देणग्यांतून कोलकाता विद्यापीठात अध्यासने निर्माण झाली. त्यांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. पालित अध्यासनावर सी. व्ही. रामन यांनी काम केले. घोष अध्यासनावर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुढे १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक संचालक झाले. तिची संशोधनसंस्था आज आघारकरांच्याच नावाने ओळखली जाते. बंगाली दात्याच्या पैशाचे फळ असे महाराष्ट्रालाही मिळाले.

तिसरा प्रकार शिष्यवृत्तीचा. पत्नी मेहेरबाई यांच्या रक्तकर्करोगाने झालेल्या निधनानंतर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. या रोगावरील संशोधनाला तो जगभर साहाय्य करीत आला आहे. घरातील दुःखाला संशोधनाची दिशा देणारे हे उदाहरण आहे.

या दानांची आज आठवण का करावी? २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात मोठा वाटा सरकारचाच होता. मंदिर, धर्मशाळा, शाळा यांना सढळ हाताने देणाऱ्या आपल्या समाजात प्रयोगशाळेला देणारे हात थोडे आहेत. कारण उघड आहे. इमारत लगेच दिसते, संशोधनाचे फळ दाता हयात असताना दिसेलच असे नाही.

दान टिकायचे असेल, तर काही पथ्ये पाळावी लागतात. हेतू लेखी व नेमका असावा. मात्र विषय इतका अरुंद नसावा, की २० वर्षांत तो कालबाह्य ठरेल. मूळ रक्कम अबाधित ठेवून केवळ व्याज खर्च करावे आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. संशोधकाची निवड तज्ज्ञांनी करावी, दात्याच्या कुटुंबाने नव्हे. शिवाय असे दान सरकारी जबाबदारीला पर्याय ठरू नये. प्राध्यापकांची पदे रिक्त ठेवून देणग्यांकडे बोट दाखवणे, हा दात्यांवरही अन्यायच होय.

लक्ष्मीनारायण यांच्यासमोर मँगनीज होते. अड्याळच्या परिसरात आज धान आहे. कोंड्यापासून तेल काढता येते, तुसाच्या राखेतून सिलिका मिळते. या विषयावर काम करणाऱ्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती चालवण्यासाठी ३५ लाखांचे मृत्युपत्र लागत नाही. गावातील दोन-चार सधन कुटुंबे एकत्र आली, तरी ते साधू शकेल.