सोन्याची कुऱ्हाड आणि हजेरी

१९७९ साली मी हातकणंगले तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत नुकताच रुजू झालो होतो. तिसरीचा वर्ग होता. लाकूडतोड्याची गोष्ट मी वाचून दाखविली. त्याची कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता आधी सोन्याची, मग चांदीची कुऱ्हाड वर काढते, तो 'ही माझी नव्हे' म्हणतो आणि खरेपणाबद्दल तिन्ही कुऱ्हाडी त्यालाच मिळतात. फळ्यावर मी 'तात्पर्य' हा शब्द लिहितो न लिहितो तोच मांगवाड्यातला एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील दोर वळीत. तो म्हणाला, "गुर्जी, सोन्याची कुऱ्हाड घिऊन त्यो घरला गेल्यावर पोलीस त्याला चोर म्हनून धरनार न्हाईत व्हय?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसविले. 'प्रामाणिकपणाचे फळ गोड असते' हे वाक्य पाच वेळा लिहून आण, असे वर सांगितले. त्याने मुकाट्याने लिहून आणले. त्यानंतर वर्षभरात त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. मी स्वतः महारवाड्यातून आलेला मास्तर. हे काम कोणा भटजीने केले असते तर मी त्यावर तावातावाने बोललो असतो.

तो प्रश्न बालिश नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. करवीर संस्थानात गुन्हेगार ठरविलेल्या जातींना गावच्या अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यावी लागे. मांग त्यात होते, रामोशी, बेरड होते. गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्या जातीत जन्माला आला म्हणून. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा त्यांनी केला होता आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. सक्तीचे शिक्षण, हजेरीतून सुटका, एकत्र शाळा ही तीन पावले तीन वर्षांत पडली. आपण ती वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवितो. त्या मुलाच्या डोक्यात मात्र ती एकत्र होती. त्याच्या पणजोबाची हजेरी त्याच्या घरात अजून सांगितली जात असणार. कायद्याने त्याला बाकावर आणून बसविले, आणि बाकावर बसून त्याने हजेरीचाच प्रश्न विचारला. तो ऐकून घेण्याची सक्ती मात्र कुठल्याच कायद्याने मास्तरावर केलेली नव्हती.

त्याने केले काय, ते नीट पाहिले पाहिजे. गोष्टीतली घटना त्याने क्षणभर खरी मानली. ती उचलून आपल्या गावात ठेवली. मग पुढे काय होईल, ते काढले. तर्क यापेक्षा वेगळा असतो काय? आणि यासाठी त्याला कल्पित गोष्टच हवी होती. प्रत्यक्षात त्याच्या घरी सोन्याची कुऱ्हाड कधी येणार नव्हती. ती गोष्टीत आली, म्हणून गावाचा न्याय त्याला तपासता आला.

आपल्याकडे मुलांच्या गोष्टी छापून आल्या त्याच मुळी शेपटीला तात्पर्य बांधून. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसपनीती १८२८ ची. तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी कोल्हा, कावळा, सिंह वाचले आणि शेवटची ओळ पाठ केली. गोष्ट म्हणजे साखर, आतली गोळी तात्पर्याची. इसाप स्वतः गुलाम होता असे परंपरा सांगते. गुलामाने धन्याच्या देखत सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ एवढा सोज्वळ असेल, हे मला तरी पटत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. वाचकांपुढे आली ती पुष्कळ वर्षांनी. तीत ते सांगतात की वडील, सुभेदार रामजी, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी गाणारे आणि शूद्र-अस्पृश्यांना हिणवणारे हे ग्रंथ आम्ही का वाचायचे, असे मुलाने विचारले. आपण अस्पृश्य, तेव्हा तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून कुठवर चढले ते पाहा, असे वडिलांचे उत्तर होते. मुलाला ते पटले नाही. भीष्म-द्रोण त्याला आवडत नव्हते, कृष्णाच्या कपटाचा त्याला राग होता. आणि शूर्पणखा, वाली, सीता यांच्याशी रामाचे वागणे त्याने तपासायला घेतले. वडील गप्प राहिले.

मी अडखळतो तो या गप्प राहण्यापाशी. रामजी कबीरपंथी होते, श्रद्धाळू होते. मुलाला खाली बसविणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. पुढे १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुणाला आपला पुढारी मानायला सांगितले, त्याची चिकित्सक बुद्धी घरातल्या त्या वाचनातही वाढली होती. ते माणगाव माझ्या शाळेपासून दूर नव्हते. दरवर्षी आम्ही मुलांना तिकडे न्यायचो, घोषणा द्यायला.

आपले कार्यकर्ते मला विचारतात, मुलांना परी-राक्षसांच्या कपोलकल्पित गोष्टी कशाला? चरित्रे द्या, इतिहास द्या. द्यावीतच. पण बाबासाहेबांचे चरित्रही आपण आता तात्पर्यासकट सांगू लागलो आहोत. दिव्याखाली अभ्यास, म्हणून मोठेपण. त्यात मुलाने 'का' विचारले की आपला चेहरा बदलतो. गोष्टीतल्या राजाशी मूल न भिता भांडू शकते. आधी तिथे भांडू द्या.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलाच्या प्रश्नाला अडथळा न समजता शिकण्याचा भाग मानण्याचा प्रयोग तिथे झाला. मला त्याचा आदर आहे. तक्रार एवढीच की आपल्या वस्तीतली बहुतेक मुले नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्याच शाळांत राहिली, आणि तिथे मास्तर होतो आम्ही.

निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. गेल्या उन्हाळ्यात लाकूडतोड्याची गोष्ट मुद्दाम काढली. तात्पर्याच्या ओळीवर कागद चिकटवला होता. त्या जुन्या मुलाचा प्रश्न मीच विचारला. घरी गेल्यावर पोलीस काय म्हणतील? थोडा वेळ कोणी बोलेना. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "देवीनं पावती द्यायला पायजे हुती." तिच्या शेजारच्या पोराने लगेच विचारले, पावतीवरची देवीची सही पोलीस वळखनार कशी? तिसरा म्हणाला, देवीला साक्षीला बोलवा. ती पाण्याबाहेर येते का, यावरून वाद पेटला. साडेआठ वाजले, आया दारात येऊन हाका मारू लागल्या, तरी कोणी उठेना.